या मूर्खपणास अनुमोदन

समर्थांनी दासबोधाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांनी सुरू केला आणि पढतमूर्खाच्या लक्षणांनी संपवला. दोन्ही समासांत सहज बसेल असा एक माणूस आज आपल्या अवतीभवती आहे. त्याच्या संगणकावर ईमेलचा एक प्रोग्राम आहे. हा प्रोग्राम ब्राउझरमध्ये उघडत नाही. तो डिस्कवर बसवलेला आहे, पत्रे उतरवून घेऊन आपल्याच फोल्डरात ठेवतो, आणि रोज बंद पडतो. पत्र उघडताना पडतो, पाठवताना पडतो, नुसता उघडा ठेवला तरी पडतो. हा माणूस तो पुन्हा सुरू करतो. पुन्हा पडला की का पडला ते शोधायला बसतो. घरातली मुले सांगतात, ‘बाबा, ब्राउझरमध्ये उघडा ना, तिथे काही होत नाही.’ बाबा ऐकतात, हो म्हणतात आणि जेवण झाल्यावर परत त्याच खिडकीसमोर येऊन बसतात.

हा मूर्खपणा आहे हे मला मान्य आहे. तो वाढावा असे मला वाटते, म्हणून त्याची बाजू इथे मांडतो.

शहाण्याचे तसे ठीक चालले आहे. त्याची पत्रे कुठल्या देशातल्या कुठल्या यंत्रावर आहेत हे त्याला ठाऊक नसते आणि कधी विचारावेही लागत नाही. काही बिघडलेच तर पान पुन्हा लोड करणे एवढेच त्याच्या हातात असते. त्याने सुधारले नाही तर थांबणे. पण डिसेंबर २०२३ पासून गूगलने एक धोरण अमलात आणले: दोन वर्षे कुणी फिरकले नाही अशी वैयक्तिक खाती आतल्या पत्रांसकट काढून टाकता येतात. वडील गेले, त्यांचा पासवर्ड कुणाला माहीत नव्हता, दुःखात आणि कागदपत्रांच्या धावपळीत दोन वर्षे गेली, असे घर आपल्यापैकी प्रत्येकाच्या माहितीत आहे. मूर्ख माणसाच्या घरी अशा वेळी कपाटात एक हार्ड डिस्क सापडते आणि तिच्यात वडिलांची सगळी पत्रे असतात. प्रोग्राम पडत होता तरी ती होती, आणि प्रोग्राम कायमचा गेला तरी ती राहतात.

उदाहरणाला थंडरबर्ड घेतो. त्याची १.० आवृत्ती ७ डिसेंबर २००४ ला आली. २०१२ मध्ये मोझिलाने त्यावरचे आपले लक्ष कमी करायचे ठरवले तेव्हा शहाण्यांनी तो सोडला. मूर्खांनी तो वापरत ठेवला, त्याच्या तक्रारी लिहीत राहिले आणि पुढे त्याच्यासाठी पैसेही पाठवू लागले. फुकट मिळणाऱ्या, मधूनमधून कोसळणाऱ्या प्रोग्रामला देणगी देणे हे मूर्खपणाचे शिखर म्हणता येईल. त्या शिखरावर पुरेशी माणसे जमली म्हणून २०२० मध्ये थंडरबर्डसाठी वेगळी कंपनी उभी राहिली, आणि आज त्याचा खर्च मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांतून निघतो. ब्राउझरच्या वाटेने गेलेल्यांनाही हा प्रोग्राम उद्या हवासा वाटला तर तो मिळेल, आणि तो या लोकांमुळे मिळेल.

आता तो का पडतो, हे पाहू. मूर्खाच्या आनंदाचा मोठा भाग इथे आहे.

थंडरबर्डमधल्या प्रत्येक फोल्डरसाठी डिस्कवर सहसा दोन फायली असतात. एकीत सगळी पत्रे एकापाठोपाठ एक लिहिलेली असतात. तिच्या नावापुढे कसले शेपूटही नसते, नुसते ‘इनबॉक्स’. दुसरी ‘इनबॉक्स.एमएसएफ’. ती यादी असते: कुठले पत्र पहिल्या फायलीत कितव्या जागी सुरू होते, कुणाचे, कधीचे. वीज गेली, विंडोज अपडेटने मध्येच संगणक बंद केला, अँटीव्हायरसने फाइल धरून ठेवली, की यादी एक सांगते आणि पत्रांची फाइल दुसरेच. प्रोग्राम यादीवर विश्वास ठेवून भलत्या जागी वाचायला जातो, गोंधळतो, कधी कोसळतो. उपाय साधा आहे. प्रोग्राम बंद करायचा, एमएसएफ फाइल काढून टाकायची, प्रोग्राम परत सुरू करायचा. तो पत्रांची फाइल पहिल्यापासून वाचतो आणि यादी नव्याने लिहितो. अनुक्रमणिकेचे पान फाटले म्हणून कुणी पोथी नदीत सोडत नाही, हे आपल्या आज्यांना माहीत होते. संगणकाच्या बाबतीत मात्र ‘सगळं काढून नवीन टाका’ हा सल्ला शहाणपणाचा समजला जातो.

ती बिनशेपटाची फाइल एकदा साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहावी. आधी तिची प्रत करून घ्यावी आणि प्रतच उघडावी. मूर्ख माणसे या बाबतीत फार काटेकोर असतात. पत्रावर पत्र येते. प्रत्येकाच्या डोक्यावर ते कुठल्या कुठल्या सर्व्हरवरून आले त्याच्या नोंदी असतात, सर्वांत शेवटचा मुक्काम सर्वांत वर. त्यातच ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ नावाची एक ओळ असते आणि तिच्यापुढे चार आकडे. ०००१ म्हणजे पत्र वाचलेले आहे. ०००९ म्हणजे वाचले आणि मग पुसले. पुसलेले पत्र खरे तर तिथेच असते, फक्त त्याच्यावर खूण झालेली असते. ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच ते जाते. तोपर्यंत कुणीही ९ चा १ करावा, यादीची फाइल काढावी, प्रोग्राम सुरू करावा. रागाच्या भरात पुसलेले भावाचे पत्र परत येते. एका आकड्याचे हे काम करायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि ब्राउझरमधल्या पत्राच्या बाबतीत ते कुणालाच करता येत नाही.

त्याच फायलीत मराठी पत्र ओळखायलाही मूर्ख शिकतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि बेस-६४ ही पद्धत तीन बाइटांची चार रोमन अक्षरे करते. त्यामुळे ‘नमस्कार’ने सुरू होणारा विषय तिथे दिसतो तो ४-के-एस, ४-के-एस, मध्ये कधी ४-के-डब्ल्यू असा. मध्ये मोकळी जागा आली की हा क्रम सरकतो. ज्याने हे पाहिले आहे त्याला बिघडलेल्या फायलीच्या ढिगाऱ्यातही, एकही देवनागरी अक्षर न दिसता, आपल्या माणसाचे पत्र कुठे सुरू होते ते कळते. अशी नजर यायला प्रोग्राम बरेचदा पडावा लागतो.

या सगळ्याचे मूळ समजायला जरा मागे जावे लागते. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. फोनच्या तारेवरून जोडणी व्हायची आणि मीटर पळत असायचा. म्हणून पत्रे आधी निवांत लिहून आउटबॉक्समध्ये ठेवायची, जोडणी करायची, गेली तेवढी जाऊ द्यायची, आली तेवढी उतरवून घ्यायची आणि फोन सोडायचा. घरातल्या इतरांनाही फोन हवा असे. वाचन सगळे जोडणी तुटल्यावर. पत्रे आपल्या घरात उतरतात ही त्या पिढीची सवय तिथून आली. त्या काळी अनेकांकडे युडोरा होता. स्टीव्ह डॉर्नर यांनी तो १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात लिहिला आणि त्याला अमेरिकन लेखिका युडोरा वेल्टी यांचे नाव दिले, कारण त्यांची १९४१ ची एक कथा घरच्यांशी भांडून पोस्टातच राहायला गेलेल्या पोस्टमास्तरणीची आहे. पुढे तो ज्या कंपनीकडे गेला तिने २००६ मध्ये तो सोडून दिला, आणि २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयाने त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. युडोरा वापरणाऱ्यांची पत्रे मात्र आजही उघडतात, कारण त्यानेही ती साध्या मजकुराच्या फायलींत ठेवली होती.

आउटलुकवाल्यांचा मार्ग अधिक खडतर होता. आउटलुकच्या २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत पत्रांची पीएसटी फाइल २ जीबीपर्यंतच वाढू शके. मर्यादा ओलांडली की ती उघडायचीच नाही, आणि मायक्रोसॉफ्टने दिलेले एक हत्यार जास्तीचा भाग छाटून टाकत असे. छाटलेल्यात काय गेले हे नंतर समजायचे. ही मर्यादा ज्यांना आधी माहीत होती त्यांनी दर वर्षाची वेगळी फाइल केली. कार्यालयात त्यांना चिकट म्हणत. पंधरा वर्षांपूर्वीचे करारपत्र हवे झाले की त्यांच्याच टेबलाशी माणसे जातात.

सांगलीत माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांचा मुलगा १९९९ मध्ये अमेरिकेला गेला आणि आईला मराठीतूनच लिहायचे म्हणून शिवाजी फॉन्टमध्ये पत्रे लिहू लागला. मराठीसाठी युनिकोड तेव्हा घरोघरी पोहोचले नव्हते. शिवाजी किंवा श्रीलिपीमधला मजकूर आत रोमन अक्षरांच्याच जागा वापरतो. फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसता अर्थहीन कचरा. ब्राउझरमध्ये ती पत्रे आज तशीच दिसतात. सरांच्या थंडरबर्डमध्ये ती मराठीत दिसतात, कारण तिथे रोमन मजकुरासाठी कोणता फॉन्ट वापरायचा हे सरांनी ठरवले आहे, आणि पत्राने सांगितलेला फॉन्ट मानायचा नाही हेही. पत्नी गेल्यानंतर सर ती पत्रे संध्याकाळी वाचतात.

त्यांचा प्रोग्राम पडू लागला तेव्हा दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा घरी आला. चांगला, चटपटीत मुलगा.

‘सर, फॉरमॅट मारून टाकूया की. तासाभरात सगळं नवं हुतंय.’

‘आणि जुनं कुठं जातंय?’

‘बॅकअप घेतो की सर. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो. सगळं घेतो.’

‘मेल?’

‘मेल काय, इंटरनेटवरच असतंय की. परत लॉगिन केलं की येतंय.’

सरांची पत्रे इंटरनेटवर नव्हती. जुन्या पद्धतीने उतरवून घेतलेली, सर्व्हरवरून कधीच पुसली गेलेली होती. ती होती ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात. विंडोज तो फोल्डर दाखवत नाही, म्हणून घाईत घेतलेल्या बॅकअपमध्ये तो येत नाही. महाराष्ट्रातल्या किती घरांतली पत्रव्यवहाराची वर्षे अशा तासाभराच्या फॉरमॅटमध्ये गेली असतील याचा विचार केला की मला खरोखर वाईट वाटते. ती मुले निष्काळजी नसतात. त्यांना कुणी सांगितलेले नसते, आणि गिऱ्हाईकालाही माहीत नसते.

सरांनी फॉरमॅट करू दिले नाही. त्यांच्याकडे एक वही होती. प्रत्येक वेळी प्रोग्राम पडल्यावर वेळ, उघडलेला फोल्डर आणि अहवालाचा क्रमांक त्यांनी तिच्यात लिहिला होता. थंडरबर्ड पडला की एक लहान खिडकी येते आणि अहवाल पाठवू का असे विचारते. हो म्हटले की त्या अहवालाला लांबलचक क्रमांक मिळतो. त्याचे शेवटचे सहा आकडे म्हणजे तारीख: वर्ष, महिना, दिवस. वहीची पाने उलटताना मुलाच्या लक्षात आले की पडताना उघडलेला फोल्डर नेहमी एकच आहे.

इथे मूर्खांच्या शास्त्रातला सर्वांत मोलाचा नियम येतो. जो बिघाड परत परत, त्याच जागी होतो, त्याचे स्वागत करावे. तो हवा तेव्हा घडवून आणता येतो, म्हणून तपासता येतो. दर वेळी वेगळ्या जागी, वेगळे काम करताना पडत असेल तर संशय प्रोग्रामवरून काढून रॅमवर न्यावा आणि रात्रभर रॅमची चाचणी लावावी. सुरू करताना शिफ्टची कळ दाबून धरली की थंडरबर्ड अ‍ॅड-ऑनशिवाय आणि ग्राफिक्स कार्डाच्या मदतीशिवाय उघडतो; तसा चालला तर दोष अ‍ॅड-ऑनमध्ये किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये शोधावा. एखादे ठरावीक पत्रच पाडत असेल अशी शंका आली तर फोल्डरच्या प्रतीचे दोन भाग करावेत, ज्या भागात पडतो त्याचे पुन्हा दोन. दहा हजार पत्रांतून दोषी पत्र जास्तीत जास्त १४ वेळा अर्धे केल्यावर हाती येते. असे पत्र असू शकते का, असे शहाणे विचारतील. २०२२ मध्ये उबरची पावती उघडली की आउटलुक कोसळत होते आणि मायक्रोसॉफ्टला ते मान्य करावे लागले; पावतीतल्या गुंतागुंतीच्या तक्त्यांवर प्रोग्राम अडखळत होता. टॅक्सीचे भाडे किती झाले हे पाहायला गेलेला माणूस आपला संगणक जुना झाला म्हणून नवा घ्यायला निघाला असता, तर त्याला तसे सांगणारे भरपूर भेटले असते.

सरांच्या घरी मुलाने तो फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायला घेतला. हिरवी पट्टी बरीच पुढे गेली आणि थांबली. मग खिडकी आली: डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक. मुलगा क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, ‘सर, प्रोग्रामचं काय नाही. डिस्क जायला लागलीया.’

प्रोग्राम बरोबर होता. डिस्कवरचा एक भाग वाचता येईनासा झाला होता आणि नेमकी सरांच्या अमेरिकेतल्या मुलाच्या पत्रांची फाइल त्याच्यावरून जात होती. बाकीचा संगणक ठीक चालला होता, गाणी वाजत होती, बँकेची पाने उघडत होती. इशारा देणारा तो एकच प्रोग्राम होता आणि तो ज्या भाषेत देऊ शकत होता त्या भाषेत देत होता. त्या दिवशी फॉरमॅट मारला असता तर झटपट फॉरमॅट त्या डिस्कवर बहुधा बिनतक्रार पार पडला असता. सगळे नवे झाले असते आणि काही महिन्यांनी नवेही गेले असते. मुलाने डिस्कची प्रत तुकड्यातुकड्याने काढली, अडलेल्या जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहिल्या. अडलेला तुकडा फायलीच्या शेवटाजवळ होता. तेवढी पत्रे गेली, बाकी सगळी वाचली. आता तो दुसऱ्या घरी गेला की बॅकअपआधी लपवलेले फोल्डर दाखवायला लावतो आणि मेल कुठे आहे ते विचारतो. सरांनी त्याला थंडरबर्डचा अहवाल कसा पाठवायचा तेही दाखवले.

त्या अहवालाबद्दल अजून थोडे. त्या खिडकीत लिहायला एक चौकट असते. शहाणा माणूस ती कोरी ठेवून खिडकी बंद करतो. मूर्ख तिच्यात लिहितो: जुना फोल्डर उघडला, तिसऱ्या पत्रावर बाण खाली नेला, पडला. एकाच जागी पडलेल्या प्रोग्रामांचे अहवाल तिकडे एकत्र लावले जातात. प्रोग्रामच्या कोणत्या फंक्शनमध्ये पडला ते यंत्र सांगते. माणूस त्या वेळी काय करत होता हे फक्त त्या चौकटीतून समजते. आपली तक्रार लिहिणाऱ्या अनोळखी माणसामुळे पुढच्या आवृत्तीत कुणा दुसऱ्याचा प्रोग्राम पडत नाही. त्याला कुणी आभार लिहीत नाही, कारण न पडलेला प्रोग्राम कुणाच्या लक्षात येत नाही. अशी निनावी, बिनमोबदल्याची उठाठेव ज्या समाजात होते तो समाज मला फार आवडतो.

भारनियमनाच्या वर्षांनी या मंडळींना आणखी एक शिस्त लावली. कॉम्पॅक्ट करताना थंडरबर्ड पत्रे एका तात्पुरत्या फायलीत नव्याने लिहितो आणि मग ती मूळ फायलीच्या जागी ठेवतो. मध्येच वीज गेली तर अर्धवट फाइल मागे राहते. म्हणून वीज जायच्या वेळापत्रकाकडे पाहून, यूपीएस चार्ज आहे ना हे बघून कॉम्पॅक्ट करणारी माणसे मी पाहिली आहेत. आता वीज बरी असते, तरी ती तशीच वागतात. अँटीव्हायरसला मेलचा फोल्डर वगळायला सांगतात, कारण एका पत्रातल्या विषाणूपायी सगळी इनबॉक्स फाइल विलगीकरणात गेल्याचे त्यांनी ऐकलेले असते. पत्रांसोबत येणाऱ्या फायली उघडण्याआधी तपासतात ते निराळे.

ज्यांना आजपासून या पंथात यायचे आहे त्यांच्यासाठी क्रम असा. प्रोग्राम पूर्ण बंद करावा. एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या वस्तू दिसतील अशी खूण करावी. अ‍ॅपडेटा, मग रोमिंग, मग थंडरबर्ड, मग प्रोफाइल्स. त्यातला फोल्डर जसाच्या तसा बाहेरच्या डिस्कवर उतरवावा आणि डिस्क काढून वेगळ्या खोलीत ठेवावी. त्यानंतरच एमएसएफ फायलींना हात लावावा. घरातले काय करतोयस असे विचारतील, त्यांना सांगावे की पत्रे मोजतोय, आणि जेवायला जरा उशीर होईल.